रोपवाटिका कोणाची?

सौंसरहून सावनेरमार्गे नागपुरात उतरणारा, किंवा पांढुर्ण्याहून सकाळची गाडी धरून कोर्टकचेरी, दवाखाना नाहीतर मुलाचा कॉलेजप्रवेश अशा एखाद्या कामासाठी नागपूर गाठणारा आपल्या मुलखातला माणूस, काम आटोपून हाताशी दोन घटका उरल्या म्हणजे लेकराबाळांना घेऊन सेमिनरी हिलवर जातो. बालोद्यानात मुले बागडतात, मोठी माणसे झाडीच्या सावलीत विसावतात, आणि दिवस कलला की मंडळी परतीच्या वाटेला लागतात. ती टेकडी ज्या शब्दाने ओळखली जाते तो शब्द मुळात कशाचा वाचक आहे, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. टेकडीवर सेंट चार्ल्स सेमिनरी या नावाचे एक कॅथलिक विद्यालय आहे. तिथे धर्मगुरू होऊ इच्छिणारे तरुण शिकतात, आणि त्या विद्यालयाच्या नावावरूनच टेकडीचे नाव रूढ झाले आहे.

‘सेमिनरी’ हा शब्द लॅटिन भाषेतला असून त्याचा मूळ अर्थ बियाणे रुजविण्याची जागा, म्हणजे रोपवाटिका, असा आहे. संत्र्यावर जगणाऱ्या आपल्या मुलखाला हा अर्थ फोड करून सांगण्याचे कारण नाही. जंबेरीचे बी टाकून खुंट तयार करावयाचा, तो पुरेसा जाड झाला की त्यावर संत्र्याचा डोळा बांधावयाचा, डोळा फुटून दोहोंचा जीव एक होईपर्यंत ऊन, पाणी आणि कीड यांपासून त्याला जपावयाचे, आणि मग पावसाळ्याच्या तोंडावर ते कलम बागेत लावावयाचे, हा क्रम इथल्या शेतकऱ्याच्या हाडीमासी भिनलेला आहे. खुंट मातीला सरावलेला असतो, डोळा दुसऱ्या झाडावरून आणलेला असतो. फळ डोळ्याच्या गुणाचे येते हे खरे, पण झाड उभे राहते ते खुंटाच्या मुळांवर. सोळाव्या शतकात युरोपातील धर्मपुरुषांनी आपल्या विद्यालयाला रोपवाटिका हे नाव दिले तेव्हा त्यांच्या मनातली कल्पना याहून फारशी निराळी नव्हती.

अशी रोपवाटिका एखाद्या दिवशी वरून आलेल्या हुकुमाने बंद झाली, आणि अर्धवट वाढलेली रोपे घेऊन कोठे जावयाचे हे रोपांनाच विचारले गेले, तर न्याय कोणाच्या बाजूचा मानावयाचा? ज्याने वाटिका काढली त्याला ती मोडण्याचाही अधिकार असतो काय? असल्यास त्या अधिकाराला काही ऋण चिकटलेले असते काय? हा प्रश्न कॅथलिक समाजात वेळोवेळी उठला आहे, आणि मराठी-कोकणी मुलखाने तर त्याची झळ इतर कोणाहून कमी सोसलेली नाही. म्हणून ख्रिस्ती धर्माशी ज्यांचा नित्याचा संबंध नाही अशा वाचकांपुढेही तो मांडण्यासारखा आहे.

आरंभी व्यवस्थेची ओळख करून घेऊ. कॅथलिक चर्चचा कारभार धर्मप्रांतांत विभागलेला असतो; प्रत्येक धर्मप्रांतावर एक बिशप असतो आणि त्याच्या हाताखाली गावोगावचे धर्मगुरू असतात. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला. मध्ययुगात धर्मगुरूंच्या शिक्षणाला एकसूत्रीपणा नव्हता. कोणी विद्यापीठात शिके, कोणी एखाद्या वृद्ध पाद्र्याजवळ उमेदवारी करी, आणि पुष्कळांना तर लॅटिन प्रार्थनांचा अर्थही नीट उमगत नसे. या शैथिल्याचा बंदोबस्त करण्यासाठी ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १५ जुलै १५६३ रोजी ठराव केला, की प्रत्येक बिशपने आपल्या धर्मप्रांतात मुलांच्या शिक्षणाची अशी एक वाटिका काढावी आणि तिच्यात विशेषेकरून गरिबांच्या मुलांना घ्यावे. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी हा ठराव आपल्या प्रांतात निष्ठेने अमलात आणला, आणि पुढे जगभर जिथे जिथे कॅथलिक चर्च गेले तिथे तिथे सेमिनरी गेली.

आज लागू असलेल्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या यांचा अभ्यास निदान सहा पूर्ण वर्षांचा असावा लागतो, आणि पूर्वतयारी व प्रत्यक्ष सेवेचा अनुभव धरता ही मुदत त्याहूनही लांबते. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातला मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असताना घराबाहेर पडतो, लग्न आणि प्रपंच यांचा विचार मनातून काढून टाकतो, बरोबरीची मुले पदव्या आणि नोकऱ्या मिळवीत असता आपण एका निराळ्या वाटेने चालत राहतो. आणि तरीही पहिली दीक्षा मिळेपर्यंत, म्हणजे तो ‘डीकन’ होईपर्यंत, धर्मसंहितेच्या दृष्टीने तो धर्मसेवकांच्या वर्गात मोडत नाही. दीक्षा झाली की तो कोणत्या ना कोणत्या धर्मप्रांताच्या किंवा संघाच्या दप्तरी कायमचा दाखल होतो, कारण कोणाचाही नसलेला भटका धर्मगुरू कायद्याला मान्य नाही. पण दीक्षेपूर्वीचा विद्यार्थी मात्र अजून कोणाच्याच दप्तरी नसतो. दीक्षा हा त्याचा हक्क नव्हे, असेही शास्त्र सांगते. एका सेमिनरीतून काढलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या सेमिनरीत घ्यावयाचे असेल तर पहिल्या ठिकाणच्या वरिष्ठांनी त्याला का काढले याविषयी दाखला द्यावा लागतो. म्हणजे ज्याने आयुष्य पणाला लावले, त्याच्याच हाती कागदोपत्री सर्वांत कमी असते. सेमिनरी बंद होण्याचा विषय इतका जिव्हारी का लागतो याचे कारण या विषमतेत सापडते.

आपल्या काळातले या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण अर्जेंटिनात घडले. त्या देशाच्या मेंदोसा प्रांतात सान राफाएल नावाचा धर्मप्रांत आहे. तिथली सेमिनरी १९८४ साली स्थापन झाली आणि विद्यार्थिसंख्येच्या मानाने ती देशातील मोठ्या सेमिनऱ्यांत गणली जाऊ लागली. २०२० साली करोनाची साथ आली असता बिशप एदुआर्दो मारिया ताउसिग यांनी असा आदेश काढला, की मिस्साविधीतील पवित्र भाकर भाविकांच्या जिभेवर न ठेवता हातावर द्यावी. आरोग्याच्या दृष्टीने आदेश साधा होता. परंतु त्या भाकरीत प्रभूचे साक्षात अस्तित्व मानणाऱ्या आणि परंपरेने ती जिभेवरच स्वीकारणाऱ्या तिथल्या पुष्कळ धर्मगुरूंना व भाविकांना तो आपल्या श्रद्धेवरचा आघात वाटला. विरोध वाढला, सेमिनरीच्या रेक्टरांना पदावरून दूर करण्यात आले, आणि जुलै महिन्याच्या अखेरीस जाहीर झाले, की रोममधील वरिष्ठ कचेरीच्या आदेशावरून ही सेमिनरी वर्षअखेर बंद होईल आणि तिच्यातील सुमारे चाळीस विद्यार्थ्यांची व्यवस्था देशातील इतर सेमिनऱ्यांत लावली जाईल. धर्मप्रांतातील बऱ्याच धर्मगुरूंनी आज्ञाभंग केला असल्यामुळे चर्चच्या शिस्तीत विद्यार्थी घडविणे तिथे तूर्त शक्य नाही, असे कारण देण्यात आले.

त्यानंतर गावातील साधी माणसे रस्त्यावर आली. मोटारींच्या रांगा निघाल्या, बिशपभवनासमोर जपमाळेच्या प्रार्थना झाल्या, आयाबायांनी फलक धरले. त्यांचे म्हणणे असे, की भांडण असेल तर ते बिशप आणि धर्मगुरू यांच्यातले आहे. मुलांनी कोणता अपराध केला? दुसऱ्या बाजूचे म्हणणेही हलके नव्हते: ज्या विद्यालयाचा पायाच आज्ञापालनाच्या प्रतिज्ञेवर उभा आहे, तिथले शिक्षकच आज्ञा मानीनासे झाले तर विद्यार्थी काय शिकतील? वाद वर्षभर धुमसत राहिला. विद्यार्थी निरनिराळ्या ठिकाणी पांगले. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बिशप ताउसिग यांचा राजीनामा रोमने स्वीकारला. सेमिनरी गेली, बिशपही गेले, आणि दोहोंच्या मध्ये त्या चाळीस तरुणांच्या ऐन उमेदीची वर्षे सापडली.

हे दूरदेशीचे वर्तमान वाटेल. परंतु गोव्याच्या आणि कोकणच्या चारशे वर्षांच्या इतिहासावरून नजर फिरवली तर हाच प्रसंग निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. जुन्या गोव्यात १५४१ साली ‘सांता फे’ म्हणजे पवित्र श्रद्धा या नावाच्या मंडळाने एतद्देशीय मुलांसाठी एक विद्यालय काढण्याचा संकल्प केला. पुढील वर्षी फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले, आणि ते विद्यालय लवकरच येशूसंघीयांकडे, म्हणजे जेझुइटांकडे, जाऊन सेंट पॉल कॉलेज या नावाने विख्यात झाले. हेतू उदात्त होता: या भूमीतल्या लेकरांनी या भूमीतल्या माणसांना त्यांच्या भाषेत धर्म सांगावा. व्यवहारात मात्र पोर्तुगीज सत्तेच्या छायेतील बहुतेक संन्यासी संघांची दारे एतद्देशीयांना दीर्घकाळ बंदच राहिली. दुभाषा, शिक्षक, मदतनीस इथवर त्याला येऊ द्यावे, पण बरोबरीच्या आसनावर बसू देऊ नये, असा शिरस्ता पडला.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र या शिरस्त्याची साक्ष देते. पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा वसईत येशूसंघीयांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा आत्मसात करून त्यांच्या कार्यात राबला. परंतु संघात प्रवेश मिळावा ही त्याची आकांक्षा पुरी झाली नाही. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्याला बंधू म्हणून स्वीकारले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर त्याने प्राण ठेवला. १८६२ साली चर्चने त्याला संतपद दिले. ज्याला उंबऱ्यावर थांबविले गेले होते, तोच वसईच्या घराघरांत पूज्य ठरला.

दिवाडी बेटावरील मातेउस द कास्त्रो यांची हकीकत याहूनही बोलकी आहे. गोव्यात दीक्षा मिळण्याची आशा मावळल्यावर त्यांनी थेट रोमची वाट धरली. १६२२ साली धर्मप्रसारासाठी रोममध्ये ‘प्रोपागांदा फिदे’ ही नवी कचेरी स्थापन झाली होती आणि ठिकठिकाणी स्थानिक धर्मगुरू घडवावेत असे तिचे धोरण होते. तिच्या आश्रयाखाली त्यांचे शिक्षण झाले, दीक्षा झाली, आणि १६३७ साली ते बिशप झाले. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानण्याचे नाकारले, तेव्हा हा गोमंतकीय बिशप आदिलशाही मुलखात, डिचोलीस, जाऊन राहिला. आपल्याच मातीत परका ठरलेला आणि पराव्या दरबाराने मान दिलेला हा पुरुष पाहिला म्हणजे ‘स्थानिक’ या शब्दात किती वेदना दडलेली असू शकते हे ध्यानात येते.

गोव्यातील सेमिनऱ्यांचा मुकुटमणी म्हणजे साष्टीतील राचोलचे विद्यालय. आधी मडगावास असलेले हे येशूसंघीय कॉलेज सतराव्या शतकाच्या आरंभी जुआरी नदीकाठच्या राचोल किल्ल्याच्या आसऱ्यास आले. मराठी वाचकाला या वास्तूचे ऋण विसरता येणार नाही, कारण इंग्लंडात जन्मलेल्या आणि १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी महाकाव्य १६१६ साली राचोलच्या छापखान्यात मुद्रित झाले. परदेशी डोळा आणि देशी खुंट यांचे इतके एकजीव कलम मराठी वाङ्मयात दुसरे क्वचितच सापडेल. १६४० साली याच ठिकाणी स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरणही छापले गेले. परंतु पुढे वारा फिरला. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने फर्मान काढले, की एतद्देशीय ख्रिस्ती लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या वाटिकेत देशी भाषेचे रोप जोपासले गेले होते, तिच्याच भोवतालची माती अशी खणून काढण्याचा तो प्रयत्न होता.

यानंतरचा आघात खुद्द शिक्षकांवरच झाला. पोर्तुगालचे प्रधान मार्क्विस द पोंबाल यांच्या कारकिर्दीत ३ सप्टेंबर १७५९ च्या राजाज्ञेने येशूसंघ संपूर्ण पोर्तुगीज साम्राज्यातून बहिष्कृत झाला. गोव्यातील येशूसंघीय पकडले गेले, त्यांची कॉलेजे आणि मिळकती जप्त झाल्या, आणि त्यांना जहाजांत घालून लिस्बनला नेण्यात आले. शतकाहून अधिक काळ चाललेली अध्यापनाची परंपरा काही दिवसांत तुटली. लिस्बनमधील राजकारणाशी राचोल आणि चोडण येथील विद्यार्थ्यांचा सुतराम संबंध नव्हता. तरी गुरू गेले ते त्यांचे गेले, आणि वर्ग सुने झाले ते त्यांचे झाले.

इथे इतिहासाने एक वळण घेतले. २ एप्रिल १७६१ रोजी लिस्बनहून निघालेल्या आज्ञेने आशियातील ख्रिस्ती प्रजेला कायद्याने पोर्तुगीजांच्या बरोबरीचे हक्क दिले; आणि येशूसंघीयांच्या रिकाम्या झालेल्या राचोलच्या वास्तूत १७६२ साली धर्मप्रांताची स्वतःची सेमिनरी सुरू झाली. चोडण बेटावरही तशीच दुसरी सेमिनरी चालू झाली. संघाच्या शिक्षणकेंद्राचा वंश तुटला; परंतु गावोगावच्या गोमंतकीय मुलांसाठी धर्मगुरू होण्याचा दरवाजा मात्र पूर्वीपेक्षा अधिक उघडला. चोडणची वास्तू पुढे रोगराईने ओसाड झालेल्या त्या बेटावर एकोणिसाव्या शतकात मोडकळीस आली. राचोलची सेमिनरी मात्र अजून विद्यार्थी घडवीत आहे.

कागदावरची समता व्यवहारात उतरण्यास अर्थात वेळ लागला. राचोल-चोडणसारख्या ठिकाणी शिकलेले, विद्वत्तेत कोणालाही न हटणारे गोमंतकीय धर्मगुरू बढतीच्या जागांसाठी डावलले जात राहिले. त्यांपैकी काही जण आपली कैफियत घेऊन लिस्बनपर्यंत जाऊन आले आणि निराश होऊन परतले. १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या आश्रयाने जो कट रचला गेला, आणि ज्यात फादर कायतानो फ्रान्सिस्को कोउतो व फादर जोझे अँतोनियो गोन्साल्विस यांसारखे धर्मगुरू पुढे होते, त्याच्या मुळाशी हीच अवहेलना होती. कट फुटला; धर्मगुरूंना कैद करून लिस्बनला धाडले गेले, आणि पंधरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली. अन्यायाची फिर्याद ऐकणारे कोणी नसले म्हणजे सौम्य प्रकृतीची, पूजापाठात आयुष्य घालविणारी माणसेही कोणत्या टोकाला जातात, याचे हे दुःखद उदाहरण आहे.

या साऱ्या कालखंडात एक रोप असे होते, जे देशी मातीत देशी हातांनीच लावलेले होते. युरोपीय संघ प्रवेश देत नाहीत हे पाहून काही गोमंतकीय धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात ‘ओरेटरी’ नावाचा आपला संघ उभारला. बाणावलीशी आजोळचे नाते असलेले संत जुजे वाझ १६८५ साली त्या मंडळीत दाखल झाले. १६८७ साली ते मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले, कारण तिथे डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव केला होता. कँडीच्या राजाने आधी त्यांना अटकेत ठेवले आणि मग त्यांचे शील ओळखून आसरा दिला. १७११ च्या जानेवारीत कँडीतच त्यांचा देह पडला, आणि २०१५ साली चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले. पण ज्या ओरेटरीने हा पुरुष दिला, तीही १८३५ साली लिस्बनच्या नव्या सरकारने सर्व संन्यासी संघ बरखास्त केले तेव्हा इतरांबरोबर बंद झाली.

आता कोकणच्या उत्तर भागाकडे वळू. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजांपुढे वसईचा किल्ला पडला. त्याच वर्षी मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून वांद्र्याचे येशूसंघीयांचे सेंट अॅन कॉलेज उद्ध्वस्त करण्यात आले, आणि बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील फ्रान्सिस्कनांचे विद्यालयही पोर्तुगीज सत्तेबरोबरच लयाला गेले. युरोपीय संन्यासी गोव्याकडे निघून गेले. मागे राहिला तो शेती आणि मासेमारी करणारा मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज, आणि त्याच्याबरोबर राहिले ते एतद्देशीय धर्मगुरू. नव्या सत्तेखाली, मोडक्या चर्चमध्ये, तुटपुंज्या उत्पन्नावर त्यांनी तो समाज सांभाळला. पुढे १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आणि त्याच समाजातून आलेले धर्मगुरू व ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १७३९ चा तो कसोटीचा काळ स्थानिक धर्मगुरूंनी निभावला नसता, तर मराठी सारस्वताला हा दिवस कदाचित दिसला नसता.

या तीन प्रसंगांतून, म्हणजे १७३९, १७५९ आणि १८३५ च्या उलथापालथींतून, मला एकच सूत्र दिसते. बाहेरून आलेली माणसे, ती कितीही थोर असली तरी, एका हुकुमासरशी उचलून नेता येतात. गावात जन्मलेला, गावची भाषा बोलणारा आणि गावच्याच मातीत देह ठेवणारा धर्मगुरू मात्र मागे राहतो. सेमिनरीचा खरा ठेवा तिच्या भिंती नव्हेत आणि तिचे संस्थापकही नव्हेत. ज्या स्थानिक मुलांसाठी ती काढली गेली, तीच तिचा ठेवा होत. आणि म्हणून, सेमिनरी बंद करण्याचा प्रसंग आला म्हणजे सर्वांत शेवटी ज्यांचा विचार होतो, त्यांचाच विचार सर्वांत आधी झाला पाहिजे.

सेमिनरी कधी बंदच करू नये, असा माझा आग्रह नाही. धर्मसंहितेनेच म्हटले आहे, की शक्य आणि हितावह असेल तिथे धर्मप्रांताची स्वतंत्र सेमिनरी असावी, नसेल तिथे विद्यार्थ्यांना दुसरीकडे पाठवावे किंवा अनेक धर्मप्रांतांनी मिळून एक काढावी. विद्यार्थी उरले नाहीत, योग्य अध्यापक मिळत नाहीत, किंवा आतला कारभार नासला आहे, अशा स्थितीत दार लावून घेणे हे कर्तव्यही ठरते. एकेकाळी जगभर धर्मगुरू पुरविणाऱ्या आयर्लंडमध्ये धर्मप्रांतांच्या जुन्या सेमिनऱ्या एकामागून एक मिटल्या आणि धर्मगुरूंचे शिक्षण १७९५ साली स्थापन झालेल्या मेनूथ येथे एकवटले. तिथल्या लोकांना त्याचे दुःख झाले. पण वर्गात बसायला मुलेच नाहीत हे सत्य डोळ्यांसमोर असल्यामुळे त्यांनी ते स्वीकारले. वाद पेटतो तो वर्ग भरलेले असताना दार लागले म्हणजे.

रोपवाटिका हलवावी कशी, याचाही एक चांगला दाखला आपल्या पुण्यात आहे. पोप तेरावे लिओ यांनी २४ जून १८९३ च्या पत्राने भारतासाठी एक मोठी सेमिनरी काढण्याचे ठरविले. भारताच्या पुत्रांनीच भारताची धर्मसेवा करावी, हा तिच्या ब्रीदाचा आशय होता. संत जुजे वाझ यांनी जिथे देह ठेवला त्या कँडी नगरीजवळ, आंपिटिया येथे, ती उभी राहिली आणि बेल्जियन येशूसंघीयांच्या हाती सोपविली गेली. साठ वर्षे भारतातील धर्मप्रांतांचे विद्यार्थी समुद्र ओलांडून तिथे शिकत राहिले. १९४८ साली श्रीलंका स्वतंत्र झाली. एका साम्राज्याची दोन राष्ट्रे झाल्यावर परवान्यांचे आणि वास्तव्याचे नवे नियम आले, आणि भारतीय विद्यार्थ्यांचा तिथला मुक्काम दुर्घट होऊ लागला. इथेही प्रश्न विस्थापित होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचाच होता. पण त्या वेळी संस्था मोडून विद्यार्थ्यांना वाऱ्यावर सोडण्यात आले नाही. १९५५ साली संपूर्ण सेमिनरी पुण्याच्या नगर रस्त्यावर आणण्यात आली, आणि आंपिटियाच्या जुन्या वास्तूत श्रीलंकेच्या मुलांसाठी त्यांची राष्ट्रीय सेमिनरी सुरू झाली. एका दाराच्या जागी दोन दारे झाली. पुण्याची पेपल सेमिनरी आणि तिच्याशेजारचे ज्ञानदीप विद्यापीठ आजही देशभरातील विद्यार्थ्यांना शिकवीत आहेत.

सान राफाएल आणि कँडी यांतला भेद ध्यानात घ्यावा. दोन्हीकडे निर्णय वरूनच आला. परंतु कँडीच्या बाबतीत निर्णयाच्या केंद्रस्थानी विद्यार्थी होता, आणि सान राफाएलच्या बाबतीत मोठ्यांचा कलह होता. म्हणूनच, जिथे कोठे असा प्रसंग येईल तिथे अधिकाऱ्यांकडून काही गोष्टींची अपेक्षा करणे हा भाविकांचा आणि पालकांचा न्याय्य हक्क आहे असे मला वाटते. बंद करण्याचे कारण स्पष्ट शब्दांत, लेखी आणि वेळेवर सांगितले जावे. सर्वांना एकाच तराजूत न घालता प्रत्येक विद्यार्थ्याविषयी स्वतंत्र विचार व्हावा, त्याची झालेली वर्षे हिशेबात धरली जावीत, आणि संस्थेवरचा डाग त्याच्या दाखल्यावर उमटू नये. त्याचे गाऱ्हाणे ऐकणारे कोणी असावे; धर्मसंहितेत अशी तरतूद आहे, की एखाद्या आदेशाने आपली हानी झाली असे ज्याला वाटेल त्याने दहा दिवसांच्या आत आदेश देणाऱ्याकडेच फेरविचाराचा अर्ज करावा, आणि दाद न लागल्यास पंधरा दिवसांत वरिष्ठांकडे जावे. ही वाट विद्यार्थ्याला कोणी समजावून सांगितली नाही, तर ती असून नसल्यासारखीच.

आणि याखेरीज भाषेचा विचार व्हावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना उपासनेत स्थान दिले. तेव्हापासून धर्मगुरूला ज्या लोकांत राहावयाचे त्यांचीच भाषा त्याच्या ओठी असणे अगत्याचे झाले. गावातल्या म्हातारीच्या मरणशय्येशी बसून तिच्या बोलीत चार शब्द बोलणारा धर्मगुरू दूरच्या विद्यालयात, परक्या भाषेत, तिच्या बोलीचा गंधही नसलेल्या वातावरणात घडविताना फार जपावे लागते. विस्थापित विद्यार्थी नव्या ठिकाणी शिकेल, उत्तीर्णही होईल. पण घराकडची वाट त्याच्या मनातून पुसली जाऊ नये, ही जबाबदारी त्याला पाठविणाऱ्यांची आहे.

हा अखेरचा मुद्दा सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला दुसऱ्या कोणी पटवून देण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला गेली, आणि घरात मराठी बोलणारा, पोळा आणि गोटमार मानणारा, काटोल-नरखेड-वरुडकडे सोयरिकी असणारा हा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. सरहद्दीची रेघ ओढणाऱ्यांचा काही दुष्ट हेतू होता असे नव्हे. पण रेघेच्या अलीकडच्या मुलाने कोणत्या भाषेत शिकावे, कोणत्या दप्तरात खेटे घालावेत, याचा विचार रेघ ओढून झाल्यावर सुरू झाला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि सरकारी कचेरी घराजवळ आली. दूर घेतलेल्या निर्णयाची किंमत जवळचा माणूस कशी मोजतो हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. म्हणून राचोलच्या सुन्या वर्गातला एखादा गोमंतकीय मुलगा, किंवा सान राफाएलच्या दारातून आपली पेटी उचलून निघालेला तरुण, धर्माने आणि देशाने कितीही दूरचा असला, तरी तो आपल्याला परका वाटू नये.

आपल्याकडचा जाणता बागाईतदार एका जागेवरचे कलम दुसऱ्या जागी न्यावयाचे असले की ते ओढून काढीत नाही. मुळांभोवतालच्या मातीच्या गोळ्यासकट उचलतो, तो गोळा फुटू नये म्हणून बांधून घेतो, आणि नवा खड्डा आधी खणून ठेवलेला असल्याशिवाय जुन्या जागेला हात लावीत नाही. वाटिका त्याच्या मालकीची असते, तिचे काय करावे हा त्याचा अधिकार असतो, आणि तरीही रोपाच्या मुळाशी असलेली मूठभर माती ही आपली नव्हे, ती रोपाची आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. माणसांच्या रोपवाटिका चालविणाऱ्यांकडून, मग ते बिशप असोत, प्रधान असोत वा सरकार, याहून कमी काळजीची अपेक्षा आपण करू नये.